घर सेलूला, ऑफिस पुण्यात आणि आठवड्याला तीन दिवसांची सक्ती

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सेलूचे, जिल्हा परभणी. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर डेव्हलपर आहेत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गावी आले, तेव्हापासून काम घरूनच चालू आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडील थकलेले, थोडी शेती. आता कंपनीनं आठवड्याला तीन दिवस ऑफिसला यायला सांगितलंय. बिऱ्हाड पुण्याला हलवावं, दर आठवड्याला ये-जा करावी, की संभाजीनगरात कमी पगाराची नोकरी धरावी? आणि एकूणातच घरून किती दिवस नि ऑफिसात किती, याचं बरोबर प्रमाण काय?

मी एचआरमध्ये आहे. आधी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होते, नंतर पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत. सध्या संभाजीनगरात राहून अशाच विखुरलेल्या टीम्सचं काम बघते. त्यात लातूर, बीड, नांदेड, हिंगोली, सगळीकडची मुलं आहेत. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या टेबलावर वेगवेगळ्या नावांनी येतच असतो.

प्रमाणाचं आधी सांगते. आठवड्याला दोन-तीन दिवस ऑफिस हे गणित कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या माणसासाठी बसवलेलं आहे. त्याचे रोजचे दोन-तीन तास रस्त्यात जातात, दोन दिवस घरी मिळाले की तेवढे तास वाचतात. ते त्याला मानवतं, यात शंका नाही. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. अर्ध्या लोकांना बुधवार नि शुक्रवार घरून काम करू दिलं, बाकीचे पाचही दिवस ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत पुढच्या दोन वर्षांतही फरक पडला नाही. सगळ्यात जास्त फायदा झाला तो बायकांना, लांबून येणाऱ्यांना आणि मॅनेजर नसलेल्यांना. कंपन्या हायब्रिडच्या (काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसात) बाजूनं बोलताना हाच अभ्यास पुढे करतात. पण त्यातली ‘लांबून येणारी’ माणसंसुद्धा रोज संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला पोचत होती. सेलू ते पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तुमच्यासाठी ‘आठवड्याला तीन’ म्हणजे दोन घरं.

ये-जा करून दिवस कसे जातील ते बघा. सोमवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, पहाटे वाघोलीच्या कोंडीत जाग येणार. कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत अंघोळ उरकून दहाला ऑफिस. मंगळवार, बुधवार, गुरुवार झाले की गुरुवारी रात्री परत, आणि शुक्रवारी सकाळी सेलूत उतरून डोळे चोळत साडेनऊच्या स्टँडअप कॉलला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) हजर. महिन्याला आठ रात्री बसमध्ये. दोन महिने ओढता येतं. तिसऱ्या महिन्यात मंगळवार नि शुक्रवार हे दोन दिवस नावापुरतेच कामाचे राहतात, पाठ धरते, आणि घरचे म्हणतात की तू इथं असून नसल्यासारखाच. पैशाचा हिशेब तुम्हीच मांडा: आठ तिकिटं, महिनाभराचं कॉटचं भाडं (झोपा आठ रात्री की तीस, ते पूर्ण महिन्याचंच द्यावं लागतं), मेसचा डबा. दिवाळीच्या तोंडावर ट्रॅव्हल्सचे दर कुठवर जातात हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून लांबच्या माणसानं आठवड्याच्या भाषेत विचारच करू नये. महिन्याच्या भाषेत करावा.

तुमच्या कंपनीचं लेखी धोरण काढा आणि एकच गोष्ट शोधा: हजेरी आठवड्याला मोजतात, महिन्याला की तिमाहीच्या सरासरीवर. मॅनेजर तोंडी ‘आठवड्याला तीन’ म्हणतो, कारण त्याला तेवढंच लक्षात राहतं. मूळ ईमेलमध्ये बऱ्याचदा निराळं असतं. कंपन्यांचं एकमत कुठेच नाही. टीसीएसनं 2020 मध्ये पुढे एका वेळी पंचवीस टक्केच लोक ऑफिसात लागतील असं जाहीर केलं होतं, आणि ऑक्टोबर 2023 पासून पाचही दिवस बोलावलं. विप्रोनं नोव्हेंबर 2023 पासून आठवड्याला तीन दिवस धरले. इन्फोसिसनं मार्च 2025 पासून ठरावीक पदांपर्यंतच्या लोकांना महिन्याला किमान 10 दिवस सांगितले. आता हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. महिन्याला दहा दिवस म्हणजे सलग दोन आठवडे. एकदा जायचं, एकदा यायचं, बसमध्ये दोनच रात्री. आठवड्याला तीन म्हणजे बारा दिवस. ऑफिसचे दिवस फक्त दोनच जास्त, पण प्रवास चौपट.

तुमच्या कंपनीत हजेरी महिन्यावर मोजत असतील, तर मॅनेजरकडे सवलत मागायची नाही, वेळापत्रक द्यायचं. आठवड्यावर मोजत असतील, तर मात्र अपवाद मागावा लागेल, आणि तो तोंडी कधीच घेऊ नका. ‘तू ये रे जमेल तसं, मी बघतो’ असं म्हणणारा मॅनेजर भला असतो, पण सहा महिन्यांनी तो दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो आणि हजेरीच्या कार्ड-स्वाइपच्या नोंदी तुमच्या नावावर उरतात. ईमेलवर घ्या, एचआरला सीसीत ठेवा.

एक मात्र मान्य करायला हवं: मॅनेजरच्या हातात दर वेळी सगळं नसतं. क्लायंटच्या करारात डेटा कुठून हाताळायचा याची अट असते. पुण्यातल्या पुष्कळ आयटी कंपन्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) आहेत, आणि तिथं घरून काम करायलाही सरकारी नियम लागतो. जुलै 2022 मध्ये आला तो निम्म्या लोकांपुरता आणि एका वर्षापुरता होता, मग सैल होत गेला. तेव्हा ‘मॅनेजर मुद्दाम छळतोय’ हे गृहीत धरून बोलायला जाऊ नका.

आता सलग मुक्काम मिळाला, तर त्या दिवसांत करायचं काय? मला या सगळ्यात हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो कुणी विचारतच नाही. लोक पुण्याला येतात, हेडफोन घालतात आणि शेजारच्या क्युबिकलमधल्या माणसाशी ‘टीम्स’ या अ‍ॅपवर बोलतात. मग चिडतात की हे घरून होत नव्हतं का. होत होतं.

माझ्या बघण्यातली एक टीम असे मुक्काम नीट करते, तिचा आठवडा सांगते. सोमवारी दुपारपर्यंत कुणीच काही लावत नाही, माणसं प्रवासातून आलेली असतात. मंगळवारी सकाळी पुढच्या रिलीजचं (सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं) डिझाइन, एका बोर्डासमोर सगळे उभे. टेस्टिंगवाली मुलगीही तिथंच असते आणि ‘हे फेल झालं तर काय दाखवायचं?’ असं विचारून ती निम्मं डिझाइन बदलायला लावते. हाच प्रश्न तिनं ऑनलाइन विचारला असता, तर म्यूट काढेपर्यंत पुढची स्लाइड आली असती. बुधवारी मॅनेजर एकेकाला घेऊन बसतो: पगार, कुरबुरी, घरचं, काय शिकायचंय ते. गुरुवारी ज्युनिअर मुलं सीनियरच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि त्याचं काम नुसतं बघतात. ऑनलाइन कॉल त्या आठवड्यात फक्त क्लायंटचे. एकट्यानं बसून करायचं कोडिंग, डॉक्युमेंट लिहिणं, रिपोर्ट हे सगळं घरच्या आठवड्यांवर ढकललेलं. तुम्ही सीनियर आहात, तेव्हा तुमचा मुक्काम अशाच आठवड्यात पडेल हे बघा. सगळी टीम पुढच्या आठवड्यात येणार आणि तुम्ही या आठवड्यात एकटेच रिकाम्या खुर्च्यांत, असं झालं तर त्यापरीस सेलू बरं.

ज्युनिअरचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या नाहीतर संभाजीनगरच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंही असतील. तुम्ही पहिली दोन वर्षं घरून काढू नका, कंपनी देत असली तरी. नवा मुलगा एका एररवर अर्धा दिवस अडकतो आणि विचारत नाही, कारण चॅटवर विचारायचं म्हणजे आपलं अज्ञान लेखी देणं. शेजारी बसलेल्याला तो सहज विचारतो, ‘दादा, हे काय येतंय?’ दोन मिनिटांत सुटतं. आपल्याकडच्या मुलांना इंग्रजीची भीड जास्त, त्यामुळे त्यांचं नुकसानही जास्त. सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासातही हेच निघालं: टीमजवळ बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त अभिप्राय मिळतो, नव्यांना विशेष. पण त्याची किंमत सीनियर मोजतात, त्यांचं स्वतःचं काम तेवढं मागे पडतं. म्हणून ‘मला ऑफिसात काहीच मिळत नाही’ ही तुमची तक्रार खरी असली, तरी कंपनी तुम्हाला बोलावते ते बऱ्याच अंशी दुसऱ्यांसाठी. हे समजून बोललात तर मॅनेजर ऐकेल. ‘मी मुक्कामाच्या दिवसांत दोन नव्या मुलांना घेऊन बसतो, बाकीचे दिवस मला घरून द्या’ हा सौदा मी एचआर म्हणून लगेच मान्य करीन.

बढतीचं भय विचाराल तर ते खोटं नाही. त्याच चिनी कंपनीतला आधीचा प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला होता, तो कॉल सेंटरमधला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, मुख्यतः ब्रेक नि रजा कमी झाल्यामुळे. पण तेवढंच काम असूनही त्यांना बढती कमी मिळाली. नऊ महिन्यांनी निवड करायला सांगितल्यावर निम्मे जण ऑफिसात परतले, एकटेपणाला कंटाळून. आपल्याकडे यावर सोपा उपाय चालतो: दर शुक्रवारी मॅनेजरला चार-पाच ओळींची ईमेल. काय संपलं, काय अडलंय आणि कुणामुळे, पुढच्या आठवड्यात काय, आणि कुणाला काय मदत केली. शेवटची ओळ आपली माणसं संकोचानं लिहीत नाहीत. लिहा. अप्रेझलच्या (वार्षिक मूल्यमापनाच्या) वेळी मॅनेजर या ईमेल उघडून त्यातलंच चिकटवतो, हे मी आतून सांगतेय.

मॅनेजर वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच. चहाच्या टपरीवर जे ठरतं, ते जागेवर परत येऊन बसण्याआधी ग्रुपवर लिहा. लांबच्या माणसावर खरा अन्याय इथंच होतो. सिगारेट संपेपर्यंत मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं असतं आणि याला ते सोमवारी कळतं.

घरच्या बाजूकडे येते. घरून काम नीट होत असेल तरच ते मागायचा हक्क राहतो. वीज आणि नेट ही दोन कारणं कॉलवर दोन वेळा चालतात, तिसऱ्यांदा समोरचे एकमेकांकडे बघतात. तुम्ही सेलूत गावात राहता, म्हणजे बरं आहे. खेड्यात असाल तर घर गावठाण फीडरवर (गावाला वीज देणाऱ्या वाहिनीवर) आहे की शेतीच्या, हे पाहून मगच कंपनीला शब्द द्या. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, राहायला मजा येते, पण शेतीपंपाच्या फीडरला आठ तास वीज, तीही पाळी बदलत, त्यावर नोकरी होत नाही. आणि ऐन पावसात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, तर नवी बसेपर्यंत किती दिवस जातील ते कुणीच सांगू शकत नाही. त्यासाठी इन्व्हर्टर पुरत नाही, कारण बॅटरी चार्ज व्हायलाच वीज नसते. गावात किंवा जवळच्या शहरात कुणाच्या तरी दुकानाच्या माडीवर एक खोली सांगून ठेवा, तिचा फीडर वेगळा हवा. राउटर आणि फायबरचा डबा या दोन्हींना पुरेल असा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घ्या, तो पंख्याच्या इन्व्हर्टरपेक्षा निराळा ठेवा. मोबाईलचं दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं.

याहून अवघड आहेत माणसं. लॅपटॉपपुढे बसलेला माणूस आपल्याकडे रिकामा समजतात. ‘घरीच आहेस ना, तेवढं तहसीलला जाऊन ये.’ मोजणी आली, बँकेचा माणूस आला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, सगळं घरी असणाऱ्याच्या गळ्यात. यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्या नजरेत काम म्हणजे उठून बाहेर जाणं. बंद होणारं दार असलेली खोली हवी आणि वेळ ठरलेली हवी. दुपारी एक ते दोन मी तुमचा, बाकी नाही. आठ-पंधरा दिवसांत घर सरावतं.

सुगीत मात्र खोटं बोलू नका. सोयाबीनच्या काढणीत ‘घरून काम’ लावून मळणी यंत्राजवळ उभं राहणारे मी पाहिलेत, म्हणजे ऐकलेत. कॉलवर मागून यंत्राचा आवाज येतो आणि हे म्हणतात शेजारी बांधकाम चालू आहे. त्या चार दिवसांची रजा टाका, आधी सांगून टाका. लातूर-धाराशिवची मंडळी येळवशीला (वेळा अमावस्येला) कॉलवर येणार नाहीत हे आमच्या टीमच्या कॅलेंडरात लिहिलेलं असतं, महालक्ष्म्यांचंही (गौरींचंही). पुण्याच्या मॅनेजरला ते माहीत नसतं, सांगितलं तर तो त्या दिवशी रिलीज ठेवत नाही.

बायांची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्या प्रश्नात नाही, तरी लिहिते. घरून काम करणाऱ्या सुनेला दार बंद करायची सोयच नसते. स्वयंपाक, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी, पोरांचा अभ्यास हे सगळं करून ती रात्री अकराला लॅपटॉप उघडते, आणि घरचे कौतुकानं सांगतात, ‘आमची सून घरी बसून कमावते.’ अशा मुलीला मी दोन दिवस ऑफिस घ्यायला सांगते, नाहीतर गावातल्या अभ्यासिकेत टेबल. बाळंतपणानंतरचं मात्र तिनं कायद्यानं मागावं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं रजा 26 आठवड्यांची केली आणि रजेनंतर, काम तशा स्वरूपाचं असेल तर, परस्पर संमतीनं घरून काम करण्याची तरतूदही केली. कंपन्या ही तरतूद आपणहून सांगत नाहीत.

वाळूजचाही अनुभव एका वाक्यात: ज्या कारखान्यात लाइनवरची माणसं पहाटे कंपनीच्या बसनं येतात, तिथं परचेसवाल्यांना आठवड्याचे दोन दिवस घरून दिले तर काम अडत नाही, पण कँटीनमध्ये तोंडं फिरतात, तेव्हा तिथं ते मोजून-मापूनच द्यावं लागतं.

कराचंही एकदा तपासा. कंपनी पुण्याचं घरभाडं धरून एचआरए (घरभाडे भत्ता) देत असेल आणि तुम्ही स्वतःच्या घरात बिनभाड्यानं राहत असाल, तर जुन्या करपद्धतीतही त्याची सूट मिळत नाही. खोट्या पावत्या जोडू नका. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांना बँकेतून खरोखर भाडं देता येतं, त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायचं. नव्या करपद्धतीत ही सूटच नाही, तेव्हा तो प्रश्नही नाही.

आता तुमचं तीन पर्यायांचं कोडं. बिऱ्हाड हलवू नका, निदान आत्ता. बायकोची आंतरजिल्हा बदली तुमच्या हातात नाही, तिच्याही नाही. ती सेलूत नि तुम्ही पुण्यात असं कायमचं झालं, तर सुटलेला प्रश्न परत दारात येईल. आठवड्याची ये-जा का नको ते वर लिहिलं.

संभाजीनगरची नोकरी वाईट नाही, पण ती घाईत धरू नका. सेलूहून रेल्वेनं अडीच-तीन तास, म्हणजे रोजचं जमणार नाही. तिथंही खोली लागेल, फक्त शनिवार-रविवार खात्रीनं घरी मिळेल. पगारातली तूट आणि पुण्याच्या मुक्कामांचा खर्च समोरासमोर ठेवा. तूट त्या खर्चाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर मी विचार करीन, जास्त असेल तर नाही. शिवाय तिथल्या कंपनीला आधीच विचारून घ्या की आठवड्यातून एखादा दिवस घरून मिळेल का. लहान कंपन्यांचे मालक याला पटकन ‘नाही’ म्हणतात आणि सहा महिन्यांनी, माणूस कामाचा आहे असं दिसल्यावर, स्वतःच देतात.

पहिला प्रयत्न पुण्याच्याच कंपनीत करा. महिन्याला एक सलग मुक्काम, तारखा तिमाहीच्या सुरुवातीलाच ठरवून, आणि सोबत दोन ज्युनिअर तुमच्या जबाबदारीत. एवढं लिहून सहा महिन्यांसाठी मागा. कायमचं मागितलं की एचआर धोरण दाखवते. सहा महिन्यांचं मागितलं की मॅनेजरच्या पातळीवर मिटतं, आणि नीट चाललेली गोष्ट मोडायला पुढे कुणी मुद्दाम उठत नाही. पत्र अप्रेझलच्या तोंडावर देऊ नका, एखादी रिलीज सुरळीत पार पडल्याच्या आठवड्यात द्या. तारखा टाकण्याआधी बायकोच्या शाळेच्या परीक्षा आणि निवडणूक-ड्यूटी विचारून घ्या, त्या आठवड्यात तुम्ही सेलूतच लागणार आहात.